सणापुरता बंद केलेला सर्व्हर

१५ मार्च १९९८, रविवार. आम्हा ज्यूंचा पुरीमचा सण होऊन तिसरा दिवस. रक्कम सत्तावीस हजार सहाशे शेकेल. हजर तिघे : मालक साल्मान, माल आणि कॉम्प्युटर सांभाळणारे एलोजीभाऊ आणि हिशेब ठेवणारा मी. विषय एकच होता, जुना सर्व्हर काढून नवा घ्यायचा. चहा साल्मानने स्वतः केला होता, त्याच्या बगदादी आईच्या पद्धतीचा, वेलची घातलेला. माझा पेला मी पूर्ण प्यायलो. एलोजीभाऊंच्या चहावर साय धरली.

तारीख आणि रक्कम आधी सांगायची मला सवय आहे, पण ही तारीख मला कुठल्या वहीत बघावी लागत नाही. पुरीम सरला की आमच्या तेल अवीवजवळच्या रामल्याच्या बाहेरच्या बागांतून संत्र्याच्या फुलोऱ्याचा वास येतो, मागोमाग दक्षिणेकडून शराव सुटतो, म्हणजे वाळवंटातला कोरडा, पिवळा वारा, आणि घरोघर पेसाहची, म्हणजे घरात खमिराचं काही ठेवायचं नाही त्या सणाची, साफसफाई सुरू होते. बाल्कनीच्या कठड्यांवर गाद्या पडतात, जिन्यातून ब्लीचचं पाणी वाहतं, खिसे उलटे करून पावाचा कण राहिला नाही ना ते पाहतात. ह्या तीन गोष्टी एका आठवड्यात जमल्या की माझ्या डोक्यात पंख्याची घरघर सुरू होते. नऊ वर्षं झाली. यंदाही झाली.

तो पंखा एका मोरीत होता. आमचा धंदा नळांच्या सुट्या भागांचा, घाऊक. नळ, एल्बो, वॉल्व्ह, वॉशर, शेतात थेंबाथेंबाने पाणी देणाऱ्या नळ्यांचे सांधे. माणसं चौदा आणि वस्तू अकरा हजारांवर. गोदामाच्या मागे एक जुनी मोरी होती. तिचा नळ काढून, भोक बुजवून, तिथे १९९० साली सर्व्हर बसवला. सर्व्हर म्हणजे काय, हे मी माझ्या बायकोला असं सांगितलं होतं : काउंटरवरच्या पाच कॉम्प्युटरांना काही ठाऊक नसतं. त्यांना काही विचारलं की ते आत जाऊन ह्या एका पेटीला विचारतात आणि येऊन आपल्याला सांगतात. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखं. तुमची मुलं सगळं मलाच विचारतात."

साल्मानने ती पेटी एलोजीभाऊंच्या हवाली केली, कारण रजा न घेणारा तेवढा एकच माणूस होता. कागदावर एलियाहू, आमच्यात एलोजी. जन्म रेवदंड्याजवळचा. मुंबईत सात वर्षं गिरणीत तेलवाला, चात्यांना तेल घालायचं काम. १९६९ मध्ये इकडे आले ते थेट साल्मानच्या बापाच्या दुकानात. कॉम्प्युटरची इंग्रजी पुस्तकं त्यांनी शब्दकोश घेऊन वाचली, पानांच्या कडेला मराठीत टिपणं करत. मी रोज पावणेसातला येई, तर ते आलेले असत. बूट बाहेर काढून मोरीत शिरत, देवळात शिरावं तसे. आधी हात पेटीवर ठेवत, मग थर्मामीटर बघत आणि भिंतीवरच्या तक्त्यात आकडा लिहीत.

"हात कशाला लावता? थर्मामीटर आहे की," मी एकदा म्हणालो.

"थर्मामीटर खोलीचा ताप सांगतो रे. म्हातारीचा नाय."

म्हातारी म्हणजे ती पेटी. शरावच्या दिवसांत ते मोरीच्या दाराला ओली चादर लावत, आणि ती वाळली की पुन्हा भिजवत. संध्याकाळपर्यंत चादर तांबूस होई. ती धूळ म्हातारीच्या पोटात गेली असती, असं ते चादर पिळताना दाखवत. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी जुनी दरपत्रकं, रद्द झालेल्या ऑर्डरी, दोनदा चढलेली नावं काढून टाकत. दोन वर्षांनी पंखा बदलत आणि तीन वर्षांनी वीज गेल्यावर आधार देणारी बॅटरी. १९९४ मध्ये मेमरी वाढवून घेतली, पुढच्या वर्षी दुसरी डिस्क. त्या डिस्कनंतर काउंटरवरचं गिऱ्हाईक चाळीस सेकंद उभं राही ते बारा सेकंदांवर आलं. सेकंद मी मोजले होते, कारण त्यांनी सांगितलं होतं.

रोज संध्याकाळी दिवसभराचं सगळं एका फितीवर उतरवून ठेवायचं. फिती सहा, आठवड्याच्या सहा दिवसांच्या. त्यांच्यावर त्यांनी मराठीत लिहिलं होतं : रवि, सोम, मंगळ, बुध, गुरु, शुक्र. हिब्रूत वारांना नावं नाहीत, पहिला, दुसरा, तिसरा असं मोजतात. साल्मान म्हणायचा, "एलियाहू, हे काय मंत्र लिहिलेत?" ते म्हणत, "मंत्रच आहेत. तू हात लावलास तर उलटतील."

माझी आई पेसाहला आनाशी ढाकायचा सण म्हणायची. कोकणात आमच्या लोकांच्या घरी एका मडक्यात आंबट आनस असे, रोजच्या कालवणात घालायला. ते मडकं कधी रिकामं करत नसत. वापरलं तेवढं नवं भरायचं, जुन्याने नव्याला आंबवायचं. सणाचे आठ दिवस मात्र त्याचं तोंड पांढऱ्या फडक्याने बांधून ठेवायचं आणि नवव्या दिवशी सोडायचं. घराला चुना देत, भांड्यांना कल्हई करत. इथे आल्यावर आठाचे सात दिवस झाले, कल्हई गेली, मडकं गेलं. चुन्याची सवय तेवढी माझ्यात उरली. सणाआधी भिंत रंगवली नाही तर मला सण आल्यासारखा वाटत नाही. ही सवय पुढे महाग पडली, म्हणून इथे सांगितली.

नवा सर्व्हर हवा ही मागणी एलोजीभाऊंचीच. तीन वर्षं ते म्हणत होते. दोन हजार साल जवळ येत होतं, आणि जुन्या पेटीला वर्षाचे शेवटचे दोनच आकडे कळत. ९९ नंतर ००. म्हणजे आमचं सगळं येणं-देणं एका रात्रीत शंभर वर्षं मागे गेलं असतं. शिवाय तिचे भाग बाजारात मिळेनासे झाले होते. पुरीमच्या आदल्या आठवड्यात ते माझ्या टेबलाशी आले.

"शिमशोन, तू आकड्यांचा माणूस. माझं तोंड साल्मानला ऐकू येत नाय. तुझा कागद येईल."

"कागदात काय घालू?"

"सगळं घाल. काही सोडू नको. अर्धा कागद बघितला की मालक लोक म्हणतात, पुढल्या वर्षी बघू."

मी सगळं घातलं. डावीकडे जुनी पेटी, उजवीकडे नवी. वीज किती खाते, महिन्याला किती मिनिटं बंद पडते, काउंटरवर किती वेळ जातो, पंखे, बॅटऱ्या, फिती. चार संध्याकाळी बसून एकेक आकडा दोनदा तपासला. चौदाव्या ओळीत लिहिलं : देखभाल. डावीकडे, आठवड्याला एकवीस तास, आपला माणूस. उजवीकडे, आठवड्याला दोन तास, तेल अवीवची कंपनी, फोनच्या तारेवरून. ही ओळ कोणी मागितली नव्हती. पण ती खरी होती, आणि खरी ओळ वगळलेला कागद मी आयुष्यात कोणाला दिला नव्हता.

त्या रविवारी साल्मानने कागद वरून खाली वाचला. चौदाव्या ओळीशी त्याचं बोट थांबलं.

"एकवीस तास?"

"त्यात सकाळचं लवकर येणं धरलेलं नाही," मी म्हणालो. मला वाटलं, मी एलोजीभाऊंची बाजू घेतो आहे.

साल्मान वाईट माणूस नव्हता. त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "एलियाहू, तू किती वर्षांचा?"

"त्रेसष्ट."

"मालाचं काम आता लेबलं छापून कोणीही करेल. हबीबी, मी दोन माणसांचा पगार कुठून आणू? एक तेल अवीवचा, एक तू."

पासष्टाला पेन्शन. दोन वर्षं राहिली होती. मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवलं नाही म्हणून मी चहावरच्या सायीकडे बघत होतो. मी बोलू शकलो असतो. तेल अवीवचा करार एक वर्षाने करू, तोवर नवी पेटी ह्यांनाच सांभाळू दे, एवढं वाक्य पुरेसं होतं. ते मला सुचलं नाही असं नाही. पण माझ्याच कागदाविरुद्ध ते वाक्य जात होतं. एलोजीभाऊंनी कागद आपल्याकडे ओढला, चष्मा लावला, बोटाने ओळ धरून वाचली.

"ओळ बरोबर आहे," ते हिब्रूत म्हणाले. मग माझ्याकडे वळून मराठीत, "एकवीस कसले रे, तेवीस होतील." पुन्हा साल्मानला, "नवीन मशीन मी चालू करून देतो. मग जातो."

साल्मान म्हणाला, ते कंपनीचे लोक करतील, हमीपत्रात तसं लिहिलेलं असतं. नवी पेटी सणानंतरच्या रविवारी येणार होती. एलोजीभाऊंचा शेवटचा दिवस सणाआधीचा गुरुवार ठरला.

त्या चार आठवड्यांत ते आणि मी नेहमीसारखे बोललो. हेच मला अजून उमगत नाही. डब्यातलं लोणचं ते मला देत होते. थट्टाही तीच. मी मात्र दुपारी माझ्या टेबलाशी बसून पुन्हापुन्हा त्या कागदात चूक शोधायचो. चूक निघाली असती तर धावत साल्मानकडे गेलो असतो. निघाली नाही.

शेवटच्या आठवड्यात मी आणखी एक शहाणपण केलं. सणात दुकान बंद राहणार, तर मोरी रंगवून घेऊ, नवी पेटी स्वच्छ जागेत येऊ दे. रंगाची धूळ नको म्हणून जुनी पेटी गुरुवारी बंद करायची आणि रविवारी चालू करून तिच्यातलं सगळं नवीत उतरवायचं. साल्मानला पटलं. विजेचीही बचत.

एलोजीभाऊ म्हणाले, "बंद करू नको. वर्षातून एकदा मी वीस मिनिटं बंद करतो, पंख्यापुरती. ती ऊन असतानाच पुन्हा उठवतो. आठ वर्षं ती थंड झाली नाय."

"शनिवारच्या शब्बाथलाही माणूस थांबतो, एलोजीभाऊ."

"शब्बाथला आपण दिवा पेटवत नाय. पेटलेला विझवत पण नाय. गिरणीत संपानंतर अर्ध्या चात्या फिरल्या नव्हत्या. मी होतो तिथे."

"गुरुवारची फीत आहे ना आपल्याकडे? मग भीती कसली?"

त्यांनी खांदे उडवले. आता त्यांचं ऐकायचं कारण कोणाला नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. गुरुवारी दुपारी त्यांनी फीत काढली, 'गुरु' लिहिलेल्या डबीत ठेवली, आणि बटण दाबलं. घरघर हळूहळू उतरली. मोरीत मी आठ वर्षांत पहिल्यांदा शांतता ऐकली. खिशातून त्यांनी पांढरं फडकं काढलं, धुतलेलं, इस्त्रीचं, आणि पेटीवर घालून चारी टोकं खाली खोचली.

"आनाशी ढाकली," ते म्हणाले आणि हसले. मीही हसलो. मग बूट घालून, कोणाला हात न मिळवता, मागच्या दाराने गेले.

सण आला तसा गेला. सात दिवस मात्सा, म्हणजे सणाची बिनखमिराची भाकरी, खाल्ली, पाहुणे आले, मुलांना अश्केलोनच्या समुद्रावर नेलं. रविवारी सकाळी मोरीत ताज्या रंगाचा वास होता. तेल अवीवच्या कंपनीची ल्युदमिला आली. पन्नाशीची, रशियातून आलेली, तिकडे कारखान्यात इंजिनियर होती. तिने फडकं काढलं, घडी करून बाजूला ठेवलं, बटण दाबलं. पंखा फिरला. पडद्यावर अक्षरं आली आणि थांबली. आतून टक, टक, टक असा आवाज यायला लागला, दारावर बाहेरून कोणी वाजवावं तसा. डिस्क फिरत नव्हती.

"किती वर्षं सलग चालली?" तिने विचारलं.

"आठ."

"आणि तुम्ही बंद केलीत? का?"

मी म्हणालो, "रंगासाठी." तिने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फिती आणल्या. नव्या पेटीत त्या वाचणारी खाच वेगळ्या मापाची होती. जुन्या खाचेला जुनी पेटी जिवंत हवी. बाहेर काउंटरवर सहा गिऱ्हाइकं उभी होती आणि कोणाकडून किती यायचं, कुठला वॉल्व्ह कुठल्या फळीवर, ते कोणालाही ठाऊक नव्हतं. साल्मानने फोन माझ्या हातात दिला. एलोजीभाऊंना तो फोन मीच करायचा होता.

त्यांच्या बायकोने, रिबकावहिनींनी उचलला. मी सांगितलं. त्यांनी आत हाक मारली आणि मला म्हणाल्या, "बूट घालूनच बसलेत. निघाले समजा."

साडेआठला ते आले. बूट बाहेर काढले. ल्युदमिलाने डिस्क बाहेर काढली होती, ती त्यांनी हातात घेतली. "गार पडलीय," एवढंच म्हणाले. मग शर्टाची दोन बटणं सोडून डिस्क गंजिफ्रॉकच्या आत, पोटाशी धरली आणि खुर्चीत बसले. अर्धा तास. अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखे, असं ल्युदमिला म्हणाली, आणि ते म्हणाले, कोंबडीला पगार तरी देतात का तुमच्याकडे. त्या अर्ध्या तासात ती त्यांना मेमरी, पंखे, तक्त्यातले आकडे विचारत राहिली, आणि ते इतके मोकळे बोलले की मी दारातून मागे सरकलो. तक्ता रंगाऱ्याने काढून टाकला होता. आकडे त्यांना तोंडपाठ होते.

मग उठले, डिस्क तळहातावर आडवी धरली, मनगटाला एकच झटका दिला, कुलपात किल्ली फिरवावी तसा. तारा जोडल्या. टक. टक. आणि बारीक शिट्टीसारखा आवाज चढत गेला, चढत गेला, स्थिर झाला. पडद्यावर अक्षरं धावायला लागली. ल्युदमिलाने त्यांच्या खांद्यावर थाप मारली. सगळं नव्या पेटीत उतरायला पुढचे पाच तास लागले. ते तेवढा वेळ जुनीवर हात ठेवून उभे होते. शेवटची फाइल गेली तेव्हा ल्युदमिला नव्या पेटीच्या बटणासमोरून बाजूला झाली आणि म्हणाली, "तुम्ही दाबा." त्यांनी साल्मानकडे पाहिलं. साल्मानने मान हलवली. त्यांनी बटण दाबलं. नवीचा आवाज जवळजवळ येतच नव्हता.

साल्मानने त्यांना मिठी मारली. राहा, असं तो म्हणाला नाही. मीही म्हणालो नाही.

पुढचं थोडं आहे. पुढच्या पुरीमच्या आत एलोजीभाऊ गेले. डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं. यंत्राची आणि माणसाची तुलना करणं मला आवडत नाही, आणि दहा महिने घरी बसल्याने माणूस मरतो असा कुठलाही आकडा माझ्याकडे नाही. शिवाला, म्हणजे सुतकाच्या सात दिवसांत, मी रोज जात होतो. रिबकावहिनी कोणाला तरी सांगत होत्या, "सकाळी साडेसहाला बूट घालून तयार. मी विचारायची, कुठे? तर म्हणायचा, फोन आला तर?" मी भिंतीला टेकून उभा होतो. दहा महिन्यांत आमच्याकडून फोन गेला नव्हता. नवी पेटी एकदाही बंद पडली नव्हती. माझ्या कागदातला एकेक आकडा खरा ठरला होता.

आता २००७. साल्मानचा मुलगा गादीवर आहे. परवा, गाद्या उन्हात पडलेल्या असताना, तो म्हणाला, "शिमशोन, ती पेटी नऊ वर्षांची झाली. एक तुलनेचा कागद करून दे ना." माझी मुलगी तेल अवीवला हेच काम करते. मी मराठीत विचारलं, ती हिब्रूत म्हणाली, "अब्बा, आता पेटी घेतच नाहीत. दूर कुठेतरी भाड्याने घेतात. हात लावायला काही नसतंच." मी कागद केला. तेरा ओळी केल्या आणि पेन ठेवलं. मग आयुष्यात पहिल्यांदा जुनी फाइल उघडून न भरलेली ओळ शोधली.

ती सापडली. त्या रविवारचे साडेपाच तास. एलोजीभाऊ तेव्हा नोकरीत नव्हते, म्हणून हजेरीत नाहीत, आणि बिल त्यांनी दिलं नव्हतं, म्हणून खर्चात नाहीत. सोडताना कायद्याने जे द्यायचं ते एकेक आगोरा आम्ही दिलं होतं. ह्या तासांचं काही नाही. त्यांचा शेवटचा दर तासाला अठ्ठावीस शेकेल. मी एकशे चोपन्न पाकिटात घातले, माझ्या खिशातले, आणि शुक्रवारी सकाळी वहिनींकडे गेलो.

त्या बाल्कनीत तांदूळ निवडत होत्या, सणासाठी. सत्तरीला आल्यात, पण आकडा लगेच कळला. "साडेपाच कुठले? त्याने घरी येऊन मला सगळं सांगितलंय. पाच तास मशीन चाललं. अर्धा तास ते पोटाशी धरून नुसता बसला होता."

"तेच तर खरं काम होतं, वहिनी."

"असेल. पण नुसतं बसल्याचे पैसे त्याने कधी घेतले नाहीत." पाकिटातून चौदा शेकेल मोजून त्यांनी माझ्या हातात परत ठेवले, आणि परातीकडे वळल्या.

शेवटी दिले ते एकशे चाळीस शेकेल. रिबकावहिनींना, रोख.